गळतीच्या रकान्यातली माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी

परीक्षेआधीच जो वर्ग सोडून गेला, तो नापासच धरायचा?

आमच्या कार्यालयाच्या पैशावर चालणाऱ्या नळजोडणीच्या वर्गाची तपासणी माझ्याकडे आली आहे. गरीब घरांतली मुलं आणि मोठी माणसं, फी नाही, सहा महिने. दाखल झाले चोवीस, परीक्षेला बसले तेरा. उरलेले अकरा आमच्या फॉर्मप्रमाणे 'गळती'. गळती एक तृतीयांशाच्या वर गेली की वर्ग बंद! साहेबांच्या मते प्रश्नच उरत नाही, भागाकार करायचा आणि मोकळं व्हायचं.

बुधवार, ५

वर्गावर गेले. शिकवणारे म्हातारे प्लंबर. हातातला पाना सुटत नाही म्हणून सगळे त्यांना पानामास्तर म्हणतात. चहासुद्धा पान्यानेच ढवळतात, अशी थट्टा.

शिकवणं मात्र बघत राहावं असं! फळ्यावर एक रेघ नाही. भिंतीवर बारा नळ, प्रत्येकात मुद्दाम केलेला वेगळा बिघाड. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पन्नाशीचे एक गृहस्थ दोनदा चुकले. मास्तर रागावले नाहीत, पुन्हा ऐका म्हणाले. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा गृहस्थ शाळकरी पोरासारखे लाजले.

गळतीबद्दल विचारलं.

"ताई, गळती काढायला मी शिकवतो. माझ्याच वर्गाला गळती?"

मग कळलं. हात तयार झाला आणि कुठे जागा निघाली, की मास्तर स्वतः त्या माणसाला तिथे घेऊन जातात. परीक्षेसाठी थांबवत नाहीत.

शुक्रवार, ७

दोन दिवस फोन केले. अकरापैकी नऊ जण कामावर! एक काकू इस्पितळातले नळ सांभाळतात. पहिल्या दिवशी त्यांना हसलेला वॉर्डबॉय आता थेंब पडला तरी त्यांनाच हाका मारतो म्हणे. दोघं मात्र खरंच सोडून गेले. तेही लिहायला हवं.

साहेब म्हणाले, "छान आहे गं, पण याला रकाना नाही."

शनिवार, ८

मास्तरांना सुचवलं — पुढच्या खेपेस परीक्षेआधी कुणाला पाठवू नका, म्हणजे वर्ग टिकेल. ते वॉशर बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि जागा थांबेल?"

माझीच मला लाज वाटली.

रविवार, ९

घरात पदवीधर मी एकटी. आई प्रत्येक कागद मला विचारते. आज मी तिला विचारलं, परीक्षेआधीच काम लागलेला पास की नापास? भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोहायला शिकलेला काठावर परत आला नाही, तर बुडालाच म्हणतेस होय? पलीकडे गेला असेल की."

सोमवार, १०

वर्ग ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीची बुधवारी बैठक आहे, तिला कामावरच्या नऊही जणांना बोलावलं. स्वतःच्या तोंडाने सांगा म्हटलं. सगळे हो म्हणाले. आता वर्ग बंद करून दाखवा!

बुधवार, १२

बैठक आज सकाळी अकरा वाजता होती. नवांपैकी एकही आला नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिथेच फॉर्म भरला. गळती — दोन. बाकी नऊ नावांपुढे लिहिलं : 'बोलावले होते. कामावर असल्याने येऊ शकले नाहीत.' खाली सही केली आणि कागद समितीच्या हातात देऊन आले.