ढब्बूच्या मागची भिंत

५ फेब्रुवारी

रात्रभर झोप नाही. डोळे चुरचुरतायत. ढब्बू रडला म्हणून नाही, तो आपला पालथा पडून घोरत होता, बापावर गेलाय. फोटोंमुळे झोपले नाही.

ढब्बू झाला त्या दिवसापासून दादाला रोज एक फोटो पाठवते. दादा लांब, बेकरीत, रात्रपाळी. भाच्याला अजून हातात घेतलं नाही त्यानं. तेव्हा म्हणाला, "चिमे, रोज एक फोटो टाकायचा. वर्षभर. तोच कोपरा, तेच पोरगं. आणि एक दिवस जरी चुकला ना, तर मी समजणार काहीतरी झालंय. मिळेल त्या गाडीनं निघणार!" मी हसले होते. पण एकदाही चुकवला नाही. मला ताप होता तेव्हासुद्धा नाही. खिडकीचा उजेड पडतो तो एकच कोपरा आहे खोलीत, तिथेच बसवते त्याला.

काल दादा म्हणाला, वर्ष भरत आलं, आता सगळे फोटो अंगठ्यानं भराभर सरकव, पोरगं सिनेमासारखं मोठं होतं बघ. हे झोपल्यावर सरकवले. खरंच! उशीवरचं गाठोडं, मग मान धरली, मग बसला, मग भिंतीला धरून उभा. हसू आलं. परत पहिल्यापासून सरकवले.

आणि तेव्हा दिसली. मागे भिंतीवर एक रेघ. पहिल्या फोटोत केसाएवढी, उशीमागनं डोकावणारी. मग त्याच्या खांद्यापर्यंत. मग कानापर्यंत. भराभर सरकवलं की ती रेघ चालते! पोराबरोबर वाढते. आता त्याच्या डोक्याच्या वर गेलीय.

उठून दिवा लावला. रेघेत नख घातलं.

नख आत गेलं.

६ फेब्रुवारी

ह्यांना दाखवलं. चहा पीत बघितलं. म्हणाले, "भिंत आहे, म्हातारी होते. तू पण होशील."

म्हटलं, "अहो, खाली मालक वर्षभर काय ठोकतोय ते बघा की." तळमजल्याच्या सगळ्या खोल्या फोडून एक मोठं दुकान करतोय. भिंती पाडल्या. आता मधला खांब पण अर्धा तासलाय म्हणे, गाडी आत घ्यायला आडवा येत होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे त्या खांबाच्या डोक्यावरच की!

"हळू बोल," म्हणाले. हे मालकाची गाडी चालवतात. खोली त्या नोकरीतली. नोकरी गेली की खोली गेली. म्हणून आमच्या घरात मालकाबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही. हे तर झोपेत पण हळू बोलतात.

७ फेब्रुवारी

समोरच्या शिंपीणकाकूंकडे टेप मागायला गेले. "कुणाचं माप घेतेस गं?" म्हटलं, भिंतीचं. दोरा तोंडातच राहिला त्यांच्या. "भिंतीला झबलं शिवतेस की काय!" हसत हसत दिली टेप. माझं झालं मोजून की लगेच परत न्यायला दारात. धंद्याची वस्तू.

रेघेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण केली, बाजूला तारीख. आता फोटोत ढब्बू, रेघ आणि टेप. ढब्बूला टेप खायची होती.

९ फेब्रुवारी

खुणेच्या वर दोन बोटं गेली. दोन दिवसांत!

आजपासून फोटो दादाला पण आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर पण. तिथे लोक पाणी कधी येणार आणि कोणाची चप्पल हरवली एवढंच लिहितात. मी लिहिलं — "तिसरा मजला. भेग रोज वाढते. खालचं काम थांबवा. सगळ्यांनी आपापल्या भिंती बघा."

लिहायला अर्धा तास लागला. पाठवलं.

दोघांनी हसण्याची चित्रं टाकली. पहिल्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरांनी लिहिलं — "बाई, गिलाव्याला भेगा पडतातच. शाळा पूर्ण केली असतीत तर कळलं असतं."

शाळा सुटली माझी, मास्तर. डोळे नाही सुटले.

१० फेब्रुवारी

आजचा पण टाकला. हसा!

१२ फेब्रुवारी

मालक स्वतः आला. बरोबर एक गवंडी, बादली, रंगाचा डबा. बूट न काढता आत. ढब्बू त्याच्या बुटाची नाडी धरायला रांगत गेला, मी ओढून घेतलं.

"कुठाय तुझी भेग?" भिंतीकडे न बघताच विचारलं. गवंड्यानं भेगेत लांबीचा लगदा भरला, वर रंग फासला. माझ्या पेन्सिलीच्या खुणा पण गेल्या. तासाभराचं काम. मालक म्हणाला, "झालं समाधान? आता पोराचे फोटो काढ छान छान."

मी म्हटलं, "खालचा खांब पण रंगवणार का?"

गवंडी खाली बघून हसला. मालक नाही हसला. जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बायको हुशार आहे तुझी. सांभाळ."

हे रात्रभर कुशीवरून कुशीवर.

१३ फेब्रुवारी

रंगवलेल्या भिंतीचा फोटो टाकला. मास्तर — "चला, मिटलं एकदाचं."

रंगाच्या वासानं ढब्बू शिंकतोय.

१७ फेब्रुवारी

परत आली! रंगातून. आधी वाटलं केस चिकटलाय. पुसायला गेले तर केस नाही.

भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला तोंड फुटलंय. बोलतेय बिचारी आणि सगळे तिच्या तोंडावर रंग फासतायत.

टाकला फोटो. कालचा, आजचा, शेजारी शेजारी.

आणि एक. दार वरून घासायला लागलंय. ह्यांना सांगितलं तर म्हणे लाकूड आहे, फुगतं. पाऊस नाही, पाणी नाही, फुगायला त्याला काय झालं?

१९ फेब्रुवारी

माझं नाव पडलंय. भेगवाली. जिन्यात दोन पोरं म्हणाली, "ए, भेगवाली आली, पळा, पडेल!" वळून म्हटलं, "हां, पळा. खरंच पळा. आईला पण घेऊन पळा."

दुपारी शिंपीणकाकूंनी हळूच आत बोलावलं. दार लावलं. मशीनमागचं कपाट सरकवलं — भेग! माझ्या भेगेपेक्षा रुंद. आख्खी सुई आत गडप होईल. "सहा महिने कपाट लावून झाकलीय गं," म्हणाल्या. "माझं नाव घेऊ नकोस हां. मी एकटी बाई, मला बाहेर काढलं तर हे मशीन घेऊन कुठे बसू?"

चिडले मी. "काकू, माझी टेप खेचून नेत होतात, तेव्हा तरी सांगायचं!" तर डोळे पुसत म्हणतात, "माझी टेप आहे ती."

दोघींना हसू फुटलं. रडत होतो आणि हसत होतो. त्यांचं नाव न घेता लिहिलं — "बाकीच्यांनी पण कपाटं सरकवून बघा."

आज कोणी हसण्याचं चित्र नाही टाकलं.

२१ फेब्रुवारी

फोन गेला.

मालकानं ह्यांना सगळ्यांसमोर सांगितलं — "बायकोला आवर, नाहीतर पहिल्या तारखेला खोली खाली." हे आले, जेवले नाहीत. म्हणाले, "फोन दे." मी नाही म्हटलं. "अगं, खोली गेली तर जायचं कुठं? तुझ्या दादाच्या भट्टीत?"

"भट्टीत उब तरी असेल!"

हिसकावला नाही. तेवढे वाईट ते नाहीत. हात पुढे करून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. ते बघून मी दिला. मारलं असतं तर दिला नसता.

ग्रुपवरून मला काढून टाकलं. माझे फोटो पण ह्यांनी पुसले. दादाकडे आहेत, तेवढं बरं. दादा काही पुसत नाही. त्याच्याकडे माझी सहावीतली रिबीन पण असेल.

२२ फेब्रुवारी

पहिला दिवस, फोटो नाही. उजेड पडला, ढब्बू आपोआप कोपऱ्यात जाऊन बसला आणि माझ्याकडे बघून हसला. वाट बघत होता.

म्हटलं, आता दादा निघेल. आज रात्री निघाला तर उद्या सकाळी दारात. तरी आज दिवसभर जिन्यात पाय वाजला की दाराकडे बघायचे.

२३ फेब्रुवारी

दादा येणार नाही. जेवताना हे म्हणाले, "तुझ्या भावाचा फोन आला होता मला. सांगितलं, फोन बिघडलाय. सगळे मजेत आहेत."

पोळीचा तुकडा तसाच खाली ठेवला. "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? मी घेतला म्हणून?"

"हां. तेच सांगायचं."

रात्री भिंतीतून कट्ट आवाज. एकदाच. हे पण उठून बसले. मी बघितलं त्यांना. त्यांनी पण मला बघितलं.

२४ फेब्रुवारी

सकाळी दार उघडेना. ह्यांनी खांदा लावला, तिसऱ्यांदा उघडलं. खांदा चोळत उभे राहिले, दाराची चौकट वरपासून खालपर्यंत बघितली. चौकट तिरकी झालीय, आंधळ्याला पण दिसेल.

ह्यांचा चेहरा पांढरा. "परवा दादाकडे सोडतो तुम्हाला," म्हणाले. परवा ढब्बूचा वाढदिवस. सकाळची एक फेरी मारून दुपारी परत येणार, मग निघायचं. म्हटलं, उद्याच चला. म्हणाले, उद्या मालकाला लांब न्यायचंय, नाही म्हणता येत नाही.

"त्याला सांगा ना, घर पडतंय!"

"परवा. नक्की. आणि तुझा फोन पण देतो. वर्षाचा शेवटचा फोटो काढ."

मी म्हटलं, "काढणार. आणि मालकाला पण पाठवणार. सगळ्या जगाला पाठवणार. तुम्ही बघत बसा."

"पाठव," म्हणाले. पहिल्यांदाच.

२५ फेब्रुवारी

पिशवी भरली. ढब्बूचे कपडे, औषध, ही वही. काकूंना म्हटलं, तुम्ही पण चला. "मशीन कोण उचलणार?" म्हटलं, मशीन मरू दे. "तोंड सांभाळ," म्हणाल्या. पण संध्याकाळी बघितलं तर त्यांनी कात्री, टेप आणि नवऱ्याचा फोटो एका गाठोड्यात बांधून दाराशी ठेवला होता.

भेगेत आता बोट जातं. माझं. ढब्बूचा तर आख्खा पंजा जाईल, म्हणून तिथे बसवत नाही.

भीती वाटते. लिहिताना पण वाटते. पण भीती वाटली म्हणजे गप्प बसायचं असं कोणी सांगितलंय?

२६ फेब्रुवारी

ढब्बूचा वाढदिवस.

ढब्बू जिन्याकडे रांगतो म्हणून हे जाताना दार लावून गेले, ओढून ओढून लागलं. आता उघडत नाही. हलत पण नाही. खाली काहीतरी मोठं पडलं मघाशी, सगळं घर हललं, वरून माती पडतेय. खिडकीला लोखंडी गज. माझा फोन अजून ह्यांच्याच खिशात. मी ओरडले. काकू आल्या. त्यांनी पण बाहेरून ढकललं, नाही उघडत. मास्तर जिन्यात सगळ्यांना हाका मारून खाली काढतायत, ऐकू येतंय — "भेगवाली बरोबर होती! उतरा!" एक जण कुऱ्हाड आणायला धावलाय.

दाराच्या वर छोटी काचेची खिडकी आहे. काच मी फोडली, कडेनं चादर लावली. मी मावत नाही. ढब्बू मावतो. काकू स्टूल आणायला गेल्यात, तेवढ्यात लिहिते. वही त्याच्या झबल्यात खोचून देते.

ज्याच्या हातात ही येईल त्यानं माझ्या दादाला फोन लावा. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात आहे. दिवसा झोपलेला असतो, उचलेपर्यंत लावत राहा. सांगा, फोन बिघडला नव्हता. सांगा, वर्षभराचे सगळे फोटो जपून ठेव, मालक म्हणेल भिंत चांगली होती. आणि ह्यांना शिव्या देऊ नको म्हणावं. त्यांनी आज सुट्टी मागितली होती.

आले स्टूल घेऊन.

आजचा फोटो तुम्ही काढा. ढब्बूचा. दादाला पाठवा.

मागे भिंत नको.