डावीकडची गिटार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

टाकला ग्रूपवर मेसेज. पुसता येईल अजून, पण धीरजने वाचलेला दिसतो. म्हणजे पुसून उपयोग नाही.

काय लिहिलं ते इथे नीट उतरवतो, उद्या कोणी वेगळंच म्हणायला नको. परदेशी गिटारवादक हेन्रिक वाल्डे यांच्या त्या एकोणीस मिनिटांच्या गाण्यात दोन गिटार आहेत. दोन्ही त्यांनीच वाजवलेल्या — एक डाव्या कानात येते, दुसरी उजव्या. तारा त्यांच्या नेहमीच्या उलट्यासुलट्या पद्धतीने लावलेल्या; पेटीवर शिकल्यामुळे मी त्या सा प रे प सा रे अशा म्हणतो. तारांत ग नाहीच, म्हणून सूर हसतो की रडतो ते कळत नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक. माझं म्हणणं एवढंच की डावीकडच्या गिटारच्या बारीक दोन तारा किंचित चढ्या आहेत. केसभर. चुकून नाही — मुद्दाम! आणि इतक्या वर्षांत हे कोणी बोललेलं नाही.

'किंचित'च्या वेलांट्या दोनदा तपासल्या.

४ नोव्हेंबर

'वाल्डे वऱ्हाड' ग्रूपवर माझ्या मेसेजला आजवर अंगठ्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. आज मेथीच्या जुड्या बांधताना फोन थांबेचना. धीरज ग्रूप चालवतो, नागपूरला असतो, वाल्डेंच्या सगळ्या रेकॉर्ड त्याच्याकडे आहेत. त्याने लिहिलं, "हरीओमभाऊ, सकाळपासून तेच ऐकून राह्यलो. चहा थंडा झाला बाप्पा तुमच्यापायी." यवतमाळच्या एका सरांनाही फरक जाणवला म्हणे.

शुभांगीला नाही जाणवला. ती मूळची आपल्याच जिल्ह्यातली, धनजची. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकते. तिने दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर वेगळ्या काढून मोजल्या. सारख्या निघाल्या.

मी लिहिलं — यंत्र मोजतं, ऐकत नाही. लोकांना हे वाक्य फार आवडलं. मलाही. नंतर वाटलं, असं कशाला बोललो.

५ नोव्हेंबर

वाल्डे आता म्हातारे झालेत, कार्यक्रम करत नाहीत. वर्षातून एकदा चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. एका ग्रूपला एकच प्रश्न. आपल्या ग्रूपचा यंदा शुभांगीचा जाणार होता. आता धीरज म्हणतो, माझाच पाठवू, माझ्या नावानिशी. हरीओम, मालेगाव, जिल्हा वाशीम.

बारावीत शिक्षण सोडलं तेव्हापासून मला लोक एवढंच विचारतात की कोबी आणली का, किती आणली. इथे प्राध्यापक लोक विचारतात, "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?" खोटा ठरलो तर हेही जाईल.

६ नोव्हेंबर

वांग्यावर फवारणी. पाठीवर पेट्रोलचा पंप, त्याची घरघर मानेमागेच. नेहमीप्रमाणे डावा इअरफोन कानात, उजवा शर्टाच्या खिशात. बाबांची हाक यावी म्हणून उजवा कान मोकळा ठेवतो, दोन वर्षं हाच नियम आहे माझा. पंपापुढे गिटार ऐकू यायची तर आवाज शेवटपर्यंत न्यावाच लागतो. आज तेच गाणं लावून सगळे वाफे फवारले. घरी येऊन दोन्ही इअरफोन लावले आणि परत ऐकलं.

चढ्या आहेत. नक्की.

बाबा आईला म्हणत होते, "फवारा मारते का कीर्तन आयकते, काई समजत नाही या पोराचं."

७ नोव्हेंबर

अर्ध्या ग्रूपला आता ऐकू येतं! दोघांनी आपल्या गिटारही तशाच लावल्या.

८ नोव्हेंबर

शुभांगीने आवाजी मेसेज पाठवला. रागावलेली नव्हती, तेच वाईट. "हरीओम, साधी गोष्ट विचारते. इअरफोन उलटे घालून पाह्यले काय तू? डावा उजव्या कानात, उजवा डाव्या. चढी गिटार मंग उजवीकडे आली पायजे ना."

सगळे वाट पाहत होते. धीरज 'लिहीत आहे' असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. मी लिहिलं, "पाहिले. उजवीकडे येते."

नव्हते पाहिले.

ते एवढं सोपं होतं की सुचायला हवं होतं. सुचलं नाही म्हणून लाज वाटली, आणि लाजेत बोट चालून गेलं. आत्ताही करता येईल, इअरफोन उशाशीच आहेत. हात लावावासा वाटत नाही.

१० नोव्हेंबर

रामकिसनकाकांकडे भजन. लहानपणी त्यांच्याच पेटीवर शिकलो. वरचे सूर आज भयंकर बेसूर वाटले. काकांना सांगितलं, तर म्हणाले, परवाच केनवडच्या माणसाकडून सारी पेटी सुरात लावून आणली. कोणाचं काम कसं असतं! मी टाळ वाजवला.

११ नोव्हेंबर

शुभांगीने स्वतःचा प्रश्न मागे घेतला. धीरजने घ्यायला लावला नाही, तिनेच घेतला. तिचा प्रश्न चांगला होता — इतक्या सैल लावलेल्या जाड तारा जोरात छेडताना बोटांखाली सरकू कशा देत नाहीत, असा. बरेच दिवस त्यावर राबली होती ती.

तिने लिहिलं, "तू उलटं करून पाह्यलं म्हणतोस, तं मंग माह्या मोजण्यातच काही चुकलं असंन. जाऊ दे तुहाच."

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

धीरजने प्रश्न इंग्रजीत करून मला दाखवायला पाठवला. शनिवारी पाठवणार. वाचून उत्तर दिलं की ठीक आहे.

१२ नोव्हेंबर

आज गाणं ऐकलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्षाराणीने विचारलं, "दादा, तोंड काहून असं?" धाकटी असून तिच्यापासून काही लपत नाही. सांगून टाकलं सगळं. तिला वाटलं काही मोठं असेल. ती वाल्डेंना वाल्डेबुवा म्हणते. म्हणाली, "मंग घाल ना उलटे! दोनच तं कान हायेत तुले, किती वेळ लागते?"

मी म्हटलं, खोटं निघालं तर?

"तं सांग का खोटं निघालं. वाल्डेबुवा का मालेगावले येऊन फटके देनार हाय तुले?"

तिच्यावर ओरडलो. आईपर्यंत आवाज गेला. वर्षाराणी सांबाराच्या जुड्यांची पाटी उचलून निघून गेली, पण जाता जाता म्हणाली, "त्या पोरीनं तुह्यावर इश्वास ठेवला, दादा. मी नसता ठेवला."

मागितली नाही मी तिची माफी. मागायला हवी होती.

ठरवलं. उद्या. माझं म्हणणं खोटं निघालं तर निघू दे — ग्रूप सोडून देईन, पण तिचा प्रश्न तरी जाईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी मळ्यात, विहिरीच्या कठड्याशी बसून केलं. डावा इअरफोन उजव्या कानात, उजवा डाव्या. चढी गिटार उजवीकडे यायला हवी होती.

डावीकडेच होती.

परत पहिल्यासारखे घातले — डावीकडे. परत उलटे — डावीकडे. दुसरं गाणं लावलं. एका माणसाचं साधं भाषण लावलं. तेही डाव्या कानात केसभर चढं.

शुभांगीला लिहिलं, तुझा प्रश्न पाठव, मी उलटे घालून पाहिले नव्हते. तिने लगेच विचारलं, "मंग आता पाह्यले काय? काय निघालं?" फोन खिशात टाकला.

आईने बांधावरून हाक मारली, जेवायला. ती मारतच राहते, उठेपर्यंत. मी इअरफोन काढून आधी डावा कान बोटाने बंद केला, मग उजवा. उजव्या कानात आई होती. डाव्या कानात माझं नाव घेणारी दुसरीच कोणी बाई होती.