मांडीवरचं हेल्मेट

१२ जाने. २००४, सोम.
पुन्हा तेच. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे स्वारीने गाडी हळू केली आणि मान न वळवता हात मागे केला. मी हेल्मेट दिलं. ट्रॅफिकवाले मामा दिसेनासे झाले की परत माझ्या मांडीवर. डोकं ह्यांचं, सांभाळायचं मी. ऑफिसात सांगतात म्हणे, आपण कायदा पाळतो.

१५ जाने., गुरु.
अख्खं सिडको असंच चाललंय. नवरे बोडके, हेल्मेट बायकांच्या मांडीवर. एकीच्या हेल्मेटात कोथिंबीर होती. निदान काही उपयोग तरी.

२३ जाने., शुक्र.
काल पडले. अंबडच्या वळणावर खडीवरून गाडी घसरली. वेग काही नव्हता. हे पाय टेकून उभे. माझे दोन्ही हात हेल्मेटला, धरणार कशाला? डोक्याला मागे सहा टाके. आणि पडतानाही हेल्मेट सोडलं नाही, इतकी मी शहाणी. दवाखान्यात ह्यांचं पहिलं वाक्य: "बघ, काचेवर चरासुद्धा नाही."
सासूबाई म्हणतात, घाबरला होता गं, म्हणून बोलला. असेल. माझं डोकं अजून ठणकतंय.

३ फेब्रु., मंगळ.
टाके निघाले. आज रिक्षाने गेले. ह्यांना सांगितलं, कंबर दुखते. खरं म्हणजे मागे बसायची भीती वाटते. वहीत टिंगल केली म्हणून भीती जात नाही.

२१ फेब्रु., शनि.
माझ्यासाठी हेल्मेट घ्यायला गेले, एकटीच. रस्त्यावरच्या स्टॉलवर सगळ्यांवर आय.एस.आय.चं स्टिकर. नखाने उचकटलं तर सुटून हातात आलं. पोऱ्या म्हणे, नवीन लावून देतो.
मग दुकानात. दुकानदार म्हणाला, "लेडीजला कशाला? मागे बसणारीला कोणी पकडत नाही." ह्या गावात डोकं फक्त पावतीला घाबरतं. त्याने दिलेलं इतकं सैल की मान वळवली तर हेल्मेट तिथेच, मी आत अंधारात. म्हणे सैल बरं, हवा खेळते! दोन साइज लहान मागितलं. अंबाडा आड आला. आरशासमोर उभं राहून वेणी घातली, मग बसलं. गाल दाबले जातात. जाऊ देत.

२३ फेब्रु., सोम.
मी माझं घातलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. ह्यांनी सवयीने आपलं मागे केलं. मी घेतलंच नाही. समोरच्या निकमवहिनी गॅलरीत तोंडाला पदर लावून उभ्या.
"अगं, धर ना. लोक बघतायत."
"बघू देत. मला मागची दांडी धरायचीय. टाके मला पडलेत."
मग सर्कस. टाकीवर ठेवून बघितलं, घरंगळलं. कोपरात अडकवलं, तर क्लच दबेना. शेवटी डोक्यावर. मामा मागे पडले तसा ह्यांचा हात पट्ट्याकडे गेला आणि तसाच खाली आला. काढून ठेवणार कुठे? अंबडपर्यंत राहिलं. मागे बसून मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. ह्यांना कळू दिलं नाही.
संध्याकाळी यायला उशीर. विचारलं तर म्हणाले, गॅरेजला गेलो होतो, हेल्मेट टांगायला हूक सांगितलाय, शनिवारी बसवून देणार आहे.
म्हणजे शनिवारपर्यंत तरी.