खिडकीकडे वळलेली खुर्ची

३ नोव्हें., सोम.
ऑफिसातल्या कामाची मोजणी करायचं मॉडेल जमलं. आठवड्याला कोणाची किती कामं पूर्ण, ग्राहकाकडून किती चुका परत. नऊ माणसं, नऊ ओळी. सर्वांत खाली जोगळेकर काका.
मॅनेजर शिरीषसर खूश. नव्या प्रोजेक्टवर आठच जण घ्यायचेत. "शेवटचा कोण ते तुमचं मॉडेलच सांगेल. सतरा तारखेला रिपोर्ट द्या."
हे आधी माहीत असतं तर…

४ नोव्हें.
मुद्दाम काकांच्या शेजारी बसले. प्रणाली आली. यवतमाळची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली.
"काका, माझा कोड पाहून देता का?"
"मी पाहणार नाही. तू वाच."
काकांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, स्क्रीनकडे पाठ. प्रणाली एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. सातव्या ओळीला थांबली.
"अरे बाप्पा. हे तर उलटंच लिहिलं मी."
"माझ्याकडे काय बघतेस? मी कुठे काय केलं?"
दिवसभरात अशी चार माणसं. चूक कुठे नोंदली जात नाही, कारण ती पुढे जातच नाही. काकांची स्वतःची कामं तशीच पडून.
जाताना मला आवळासुपारी दिली. "मराठीत एम.ए. करून आमची मोजदाद करता. चांगलं आहे."

६ नोव्हें.
उपाय सापडला. तक्त्यात नवा रकाना : काकांपुढे वाचलं का, काय चूक सापडली. ज्याने त्याने भरायचा. आता काकांचं काम दिसेल. वारज्याला घरी पोचेपर्यंत स्वतःवर खूश होते.

१० नोव्हें., सोम.
रकाना रिकामा. कोणी गेलंच नाही. प्रणालीला विचारलं.
"मॅडम, तिथे चूक लिहावी लागते ना, माझ्या नावावर. कशाला जाऊ मी?"
काकांची खुर्ची भिंतीला टेकलेली. म्हणाले, "अहो, पाटी लावलीत तुम्ही. दवाखाना वाटतो आता. पेशंट लाजतात."
हसले. मला हसता आलं नाही.

१२ नोव्हें.
रकाना काढला. सगळ्यांना सांगितलं. तरी कोणी जाईना. दुपारी ग्राहकाकडून तीन चुका परत. एक प्रणालीची. मोठ्याने वाचली असती तर तिलाच दिसली असती.

१४ नोव्हें., शुक्र.
मीच गेले. हातात रिपोर्ट.
"काका, वाचू?"
खुर्ची वळली. "वाचा."
तिसऱ्या पानावर अडले. 'श्री. जोगळेकर यांचा सहभाग सर्वांत कमी आहे.'
खिडकीकडे बघतच म्हणाले, "का थांबलात? आकडे बरोबर आहेत. मीच भरलेत."
आकडे बरोबरच. पण सहभाग मी मोजलाच नव्हता. पूर्ण झालेली कामं मोजली होती. वर्षभर हे मॉडेल रचलं, आणि हे वाक्य एकदाही मोठ्याने वाचलं नव्हतं.
"पुढे?"
"पुढचं परत लिहायला हवं."
"मग लिहा. मी कुठे काय केलं?"

१७ नोव्हें., सोम.
सकाळी प्रणाली काकांपाशी. आधी इकडेतिकडे बघितलं, मग वाचायला लागली. मी त्या बाजूला फिरकले नाही.
चार वाजता शिरीषसरांकडे.
"रिपोर्ट मेल केला असता तरी चाललं असतं."
"वाचून दाखवते."
"मोठं आहे का?"
"दीड पान."
सरांनी घड्याळ बघितलं. मोबाइल उलटा ठेवला. मी वाचलं. शेवटची ओळ : 'कोणाला वगळावे, हे या मॉडेलवरून ठरवता येत नाही, कारण ते माणसांची एकमेकांना होणारी मदत मोजत नाही, आणि मोजायला गेल्यावर ती थांबली.' खाली माझं नाव.
नऊ ओळींचा जुना तक्ता सरांच्या समोरच होता. त्यावर पेन ठेवलेलं.
मग म्हणाले, "शेवटची ओळ परत वाचा."
वाचली. या वेळी सावकाश.