अर्ध्या चेहऱ्यासाठी चालू कॉम्प्युटर

प्रिय बाबा,

तुमचा कॉम्प्युटर अजून चालू आहे, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि तो कुणालाही बंद करू देत नाहीये मी. हो, मीच. तुम्ही असता तर गालातल्या गालात हसला असता. मला ते आवडलं नसतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही हा उद्योग धरलात. ज्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा धड फोटो नाही, असे लोक आसपासच्या गावांतून वडनेरला तुमच्याकडे यायचे. लग्नाच्या ग्रुप फोटोतून, जुन्या ओळखपत्रावरून तुम्ही चेहरा उचलायचात, डाग पुसायचात, मागे निळा रंग भरून भिंतीवर लावण्याजोगा करून द्यायचात. त्यात वावगं काही नव्हतं. वावगी होती तुमची पद्धत. चेहरा पुरा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करायचा नाही, मग आठवडा लागो की दोन महिने.

"अर्धं तोंड सोडून मशीन बंद नाही करत, बाई," म्हणायचात. जणू ते माणूस आत गुदमरणार होतं!

सेव्ह कसं करायचं हे मी तुम्हाला चार वेळा शिकवलं. वहीत पायऱ्या लिहून दिल्या. तुम्ही वही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत आणि कॉम्प्युटर चालूच ठेवलात. जन्मभर पोरांना धडे दिलेल्या माणसाला एका फाईलला नाव देणं इतकं जड जावं? तुम्ही त्याला मान राखणं म्हणायचात. मी आळस म्हणते.

एकदा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुह्या कंपनीतल्या मशिनी बारा महिने चालतात, मंग माहीच काऊन बंद करू?" मी दहा मिनिटं समजावलं. सर्व्हरला थंड खोली असते, विजेच्या दोन वेगळ्या लाईनी असतात, लक्ष ठेवायला माझ्यासारखी माणसं असतात. आणि तुमचं मशीन म्हणजे खामगावहून जोडून आणलेला डबा, वीज गेली की घरच्या इन्व्हर्टरवर तग धरणारा, पंख्यात कापसाचं सूत अडकलेला. उत्तर अचूक होतं. तुम्ही नुसतं "हाव" म्हणालात.

मागच्या दिवाळीत मी घरी आले, तेव्हा तुम्ही नांदुऱ्याला गेला होतात. मी मशीन उघडून साफ करायला घेतलं. शट डाउन दाबलं, तर त्यानं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? खिडक्या सगळ्या एकावर एक, खालची फाईल बिननावाची. कामावर आम्ही बिननावाची फाईल कचरा धरतो. मी उघडूनही न बघता "नको" दाबलं. पंखा काढून धुतला, धूळ झटकली, पुन्हा जोडलं. तुम्ही आलात, पडद्यासमोर जरा वेळ उभे राहिलात आणि मला विचारलंत, चहा घेतलास का. मी म्हटलं, बघा, आवाज किती कमी झाला. तुम्ही म्हणालात, झाला खरा.

एवढंच. पुढे एक अक्षर नाही.

तुम्ही गेलात आणि या घरानं ताळतंत्रच सोडलं. जळगाव जामोदहून आत्या आली. कॉम्प्युटर चालू दिसल्याबरोबर तिनं जाहीर केलं, की दिव्यासारखा तोही तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. डब्याला हळदकुंकू लागलं. झेंडूचा हार पडला, तोही असा की मागची जाळी झाकली जावी. गरम हवा कुठून बाहेर पडणार, हा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. काका डोळे पुसत म्हणाले, "भाऊचा जीव हाये त्याच्यात." जीव नव्हता, रॅम होती, आणि तीही जेमतेम. मी सगळ्यांदेखत हार काढून ठेवला. आत्या तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. सोय झाली.

पाचव्या दिवशी दुपारी मी ठरवलं, हा तमाशा पुरे. खुर्चीत बसले, शट डाउन दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा बिननावाची फाईल. या वेळी मात्र प्रश्नाच्या मागे एक चेहरा दिसत होता, टोपीवाला, साठीचा. माझं बोट "नको"वर जात होतं.

तेवढ्यात भेटायला आलेली एक म्हातारी आईजवळून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. पडद्याकडे बघून म्हणाली, "हे तं आमचे मालक."

त्या पिंपळगाव राजाच्या गोदाबाई. मी त्यांना ओळखत नव्हते, आई ओळखत होती. त्यांनी सांगितलं ते असं. नवऱ्याचा एकुलता एक फोटो ओलीनं फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तुम्ही तो काचेसकट स्कॅन केलात आणि मग भिजवून सोडवायला गेलात. कागद हातात आला, चेहरा विरघळून गेला. उरला तो कॉम्प्युटरमध्ये. दिवाळीत तोही गेला.

"गुरुजी म्हनले, माह्याच हातानं पुसल्या गेला, बाई. माफ करा. पन मी परत करून देतो."

मग दर बाजाराच्या दिवशी त्या येऊन तुमच्या शेजारी बसायच्या. नाक थोरल्या पोरासारखं, भुवया नणंदेसारख्या, हनुवटी जरा अजून खाली. दिवाळीपासून तुम्ही एक माणूस अंदाजानं जुळवत होतात, आणि तोही सेव्ह न करता!

मी "रद्द करा" दाबलं. फाईलला नाव दिलं, तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. मिनिटसुद्धा लागलं नाही.

गोदाबाई चष्मा पुसून पुन्हा बघत होत्या. म्हणाल्या, "बाकी सारं जमलं. पन कान गुरुजीचे लावले. आमच्या मालकाचे एवढाले नव्हते." आई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आत्यानं पदर तोंडाला लावला, तो रडण्यासाठी नव्हता.

मी तपासलं. फाईलमध्ये कानांचा थर, म्हणजे लेयर, वेगळा होता. कान तुमच्याच पेन्शनच्या कागदांवरच्या फोटोतून उचललेले.

आता मला सांगा, तुम्ही गप्प का राहिलात? मला वाईट वाटेल म्हणून? तो माझा अपमान होता, बाबा. माझ्या हातून बिघडलेलं मला कळलंच नाही, तर मी ते दुरुस्त कसं करणार? आईलाही सगळं माहीत होतं. तीही बोलली नाही. एका चुकीभोवती तुम्ही दोघांनी मिळून मखर उभं केलंत आणि आत मला शहाणी म्हणून बसवलंत. आत्याच्या झेंडूच्या हारात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

फाईल सुरक्षित आहे. मशीन चालू ठेवायला तांत्रिक कारण एकही उरलेलं नाही. तरी ते चालू आहे. याचं स्पष्टीकरण मी घरात कुणाला दिलेलं नाही, तुम्हालाही देणार नाही.

गोदाबाई रविवारी धाकट्या दिराचा फोटो आणणार आहेत. त्याचे कान भावासारखेच होते म्हणे. तुमचे काढून ते बसवीन, निळा रंग भरीन आणि मग मशीन बंद करीन. फोटो द्यायला पिंपळगावला मी स्वतः जाणार आहे. तो भिंतीवर लागायच्या आधी गोदाबाईंना सांगेन, की दिवाळीत तुमचा माणूस गुरुजींनी पुसला नव्हता, मी पुसला. त्या काय म्हणतील ते उभी राहून ऐकून घेईन.

तुमची,
स्वाती