एक्केचाळीस तास नऊ मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कामाचा पहिला दिवस, आणि दिवस चांगला गेला. खाली दुकान, वर माझी खोली, मधे अकरा पायऱ्या. म्हणजे उशीर व्हायची सोयच नाही. दुकान जुन्या व्हिडिओ गेमचं आहे. मशिनं दुरुस्त करायची, कॅसेटी विकायच्या, आणि ज्यांना नुसतं खेळायचं आहे त्यांना तासावर बसू द्यायचं. त्यासाठी जाड पाठीचे चार टीव्ही एका रांगेत मांडले आहेत.

मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या कपाळावर भिंग बांधलेलं असतं, जेवतानाही काढत नाहीत. मी आल्या आल्या लिहायला वही मागितली, तेव्हापासून त्यांनी माझं नाव कारकून ठेवलं आहे. माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं, अक्षर आणि शुद्धलेखन तेवढं बरं आहे, असं मी आधीच सांगून टाकलं. काका म्हणाले, मशीन काही दाखला मागत नाही.

माझं काम कॅसेटी स्पिरिटने पुसायचं आणि प्रत्येक गेमसाठी एक कार्ड लिहायचं: गेम कसला, किती जणांचा, आणि शेवटी, आजही खेळावा का. याची काकांची कसोटी अशी, की हरल्यावर माणूस शिव्या देत देत पुन्हा बटण दाबतो का ते बघायचं. चित्रं बघायची नाहीत. रंगरंगोटीने भिंत उभी राहत नाही म्हणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तेवीस कार्डं झाली. वरून ठोकळे पडतात तो गेम: "खेळावा. पाच मिनिटं म्हणून बसू नये." रणगाड्यांचा: "खेळावा, पण सख्ख्या भावाबरोबर नको." मोटारींच्या शर्यतीचा: "नाही खेळला तरी चालेल. पहिल्या वळणानंतर सगळी वळणं तीच." हे वाचून काकांना ठसका लागला. कार्ड त्यांनी काचेवर लावलं.

कामावर इतका खूश मी कधीच नव्हतो. मागच्या छापखान्यात एका पत्रिकेवर तारीख चुकली. चूक माझी, आणि ती मी आपणहून जाऊन सांगितली. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. खरं बोलायलाही अक्कल लागते, असं दादा तेव्हा म्हणाला होता. या नोकरीसाठी त्याने काकांना माझ्याबद्दल शब्द दिला आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दुकानं सोडून शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. त्या आज रुमालात गुंडाळून एक कॅसेट घेऊन आल्या. गोष्टीचा गेम आहे, एक मुलगी गावातून निघते आणि हिंडत राहते. आपण कुठवर आलो ते कॅसेटमध्ये साठवता येतं, पण ती साठवण आतल्या बटणाएवढ्या सेलवर टिकते. काकांनी ताईंना समजावलं, सेल म्हणजे तिजोरी नव्हे, पहारेकरी. त्याचा डोळा लागला की सगळं गेलं. आणि हा पहारेकरी वीस वर्षं जागा आहे.

गेम ताईंच्या धाकट्या बहिणीचा. ती सोळाव्या वर्षी तापाने गेली. घरात तिला भिंगरी म्हणत, गेममध्येही तेच नाव. ताई खेळत नाहीत. आठवड्यातून एकदा मशीन लावतात, बघतात आणि बंद करतात. तिचे कपडे वाटून टाकले, वह्या वाळवीने खाल्ल्या. ती जिथे थांबली तिथेच अजून उभी आहे, अशी ही एकच जागा उरली, असं त्या म्हणाल्या. जुना सेल जायच्या आत नवा हवा.

मी सगळं वहीत उतरवलं. नाव भिंगरी. खेळलेला वेळ एक्केचाळीस तास नऊ मिनिटं. विहिरीच्या डावीकडे उभी, तोंड डावीकडे. निळी ओढणी. पिशवीत चौदा वस्तू. त्या ओळीने लिहिल्या. काका म्हणाले, कारकुना, श्वास किती घेतले तेही लिही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सेल बदलताना दोन तारांनी दुसरा सेल जोडून ठेवायचा, म्हणजे साठवण उपाशी राहत नाही. मग जुना काढायचा, नवा बसवायचा, आणि शेवटी त्या दोन तारा काढायच्या. काकांनी दोनदा करून दाखवलं होतं. मी तसंच केलं. नवा सेल बसला, तारा काढल्या, काम संपलं.

पण डाख देताना वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब बाजूला वाकडा राहिला होता. झाकण लागल्यावर तो जन्मात कुणाला दिसला नसता. मला तो बघवेना. मी तो सारखा करायला पुन्हा गरम केला, आणि नव्या सेलची पट्टी सुटली. एक सेकंद. कदाचित कमीच.

मशीनला लावून बघितलं. साठवणीच्या तीन जागा, तिन्ही रिकाम्या.

काका बँकेत गेले होते. आल्यावर म्हणाले, झालं का रे? मी म्हणालो, सेल वेगळ्या मापाचा लागतोय, मागवावा लागेल. मला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होतो. पट्कन आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर विचार केला. वहीत सगळं आहे. मी तिथपर्यंत खेळेन. भिंगरी नाव घालेन आणि विहिरीपाशी नेऊन उभी करेन. ताईंना फरक कळायचा नाही. मग कुणाचं काय नुकसान झालं?

हे लिहून वाचलं. खोडत नाही, राहू दे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहा ते दुकान उघडेपर्यंत, आणि काका जेवायला घरी जातात तेव्हा. सतरा तास झाले. काका समजतात मी कार्डांसाठी कष्ट घेतोय. दादाला फोन करून त्यांनी माझं कौतुक केलं.

खरी लाज वेगळीच आहे. गेम फार चांगला आहे. आज पूल ओलांडताना मी हसलो. मेलेल्या मुलीच्या नावावर बसून मी मजा करतो आहे.

ताई येता-जाता विचारतात. सेल आला नाही अजून, म्हणतो. त्या म्हणतात, घाई नाही रे, नीट होऊ दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक्केचाळीस तास नऊ मिनिटं. चौदा वस्तू. विहिरीच्या डावीकडे, तोंड डावीकडे. शेवटचे तीन तास तर नुसती उभी ठेवली, वेळ भरायला.

ताईंनी दुकानातल्याच टीव्हीवर बघितलं. काचेवर दोन बोटं टेकली. हीच, म्हणाल्या. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ताई माझे आभार मानू लागल्या, तर मी म्हणालो, कामच आहे ते माझं.

२ डिसेंबर, मंगळवार

ताईंनी माझ्यासाठी शर्ट शिवून आणला. माप न घेता, नुसत्या नजरेने. खांदे अगदी बरोबर बसले. आता तो मला रोज घालावा लागणार.

काल त्यांनी पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला. इतकी वर्षं धीर झाला नाही, काही बिघडेल म्हणून. आता नवा सेल आहे, तेव्हा दुपारी दोन ते सव्वादोन त्यांनी भिंगरीला विहिरीभोवती फिरवलं. काका हसून म्हणाले, मग तुमचं आणि आमच्या कारकुनाचं घड्याळ एकच. काल दोन वाजता हा त्या टेबलाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता, हाक मारली तर ओ देईना.

मला वाटत होतं की तेवढा वेळ माझा डोळा लागला होता.

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा. वीस मिनिटं गेली. काका सांगतात, मी भिंतीवर आपटलो आणि तरी भिंतीकडेच चालत राहिलो, पाय जागच्या जागी उचलत. त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, झोपत जा. परत येताना काका म्हणाले, वयच तसं आहे, कुणी असेल तर सांगून टाक, मी बोलणी करतो.

संध्याकाळी ताईंकडे जाऊन, आज भिंगरीला कुठे फिरवलंत, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, आज कसली गंमत, विहिरीशेजारच्या गिरणीच्या भिंतीवर आपटत राहिली बिचारी, माझ्या हाताला वळणच नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आता आठवायला लागलं आहे.

पायाखाली राखाडी चौकोन. एक सूर, आठ स्वरांचा, संपला की पुन्हा तोच. मला कुठे जायचं ते मी ठरवत नाही. आणि समोर, आकाश असावं त्या जागी, एक चेहरा. तो माझ्याकडे बघतो आहे. माझ्याकडे असं आजवर कुणी बघितलेलं नाही, आईनेही नाही.

ते बघणं माझ्यासाठी नव्हतं. मी ते घेत होतो.

भीती नंतर वाटली. आधी लाज.

तिथले एक्केचाळीस तास नऊ मिनिटं सगळे माझेच आहेत. तिचं एक मिनिटही नाही. मग चालवल्यावर चालणार कोण?

९ डिसेंबर, मंगळवार

सांगायचंच म्हणून गेलो. ताई फ्रॉकची पट्टी शिवत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. तिला दोन दिवस आपण ताप अंगावर काढू दिला, शिवणाची घाई होती, डॉक्टरकडे उशिरा नेलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं म्हणाल्या. पण आता ती चालते, मी वळवलं की वळते. तिने मला माफ केलं असं वाटतं. परवापासून मी पोटभर जेवते आहे.

मी म्हणालो, शर्टाचं बटण सैल झालंय.

झालं नव्हतं. त्यांनी ते काढून पुन्हा घट्ट लावून दिलं.

१० डिसेंबर, बुधवार

परत यायला वेळ लागतो आहे. त्यांनी तीनला बंद केलं (विचारून घेतलं). मी पावणेचारला आलो. मधला पाऊण तास — तिथे उजेड नव्हता. सूरही नव्हता. मी उभा होतो.

जवळ अजून कुणीतरी उभं होतं. मी वळून बघू शकत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

काका खुशीत. ताईंनी आणखी एक मशीन घेतलं, छोटा टीव्ही घेतला, वीज गेली तर चालावं म्हणून मोठी बॅटरीही. शनिवारपासून गेम बंदच करायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. ती एकटी अंधारात का राहील, म्हणाल्या. दिवसरात्र चालू. शिवता शिवता मान वर केली की दिसेल.

काका म्हणाले, जोडून द्यायला तूच जा. तुझ्याच हातचं काम.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काकांना सांगणार होतो. ते एका गिऱ्हाइकाला सांगत होते, या पोराचा हात बघा, गेलेलं माणूस राखलंय त्याने —

मी कॅसेटी पुसत राहिलो.

दुपारी पुन्हा. पाच वाजता आलो. न वळताही, अंधारातही कळतं: शेजारी जी आहे ती माझ्याहून उंचीला कमी.  माझ्याकडे पाठ करून उभी आहे. मी इथे कसा, हे तिला माहीत आहे.

१३ डिसेंबर, शनिवार. पावणेअकरा

ताईंच्या घरी. वही बरोबर आणली आहे. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून एक पान लिहून द्यायचं.

टीव्ही जोडला. मशीन जोडलं. कॅसेट आत आहे. बटण फक्त दाबायचं आहे. ताई म्हणाल्या, थांब, हात धुऊन येते, मीच दाबते.

पान लिहून झालं होतं. सगळं होतं त्यात, थेंब, सेल, खोटं. दोन वाक्यं चांगली साधली म्हणून बरं वाटलं — त्याचीही लाज. शाई फुटली, "बहीण" वर डाग पडला. असं पान त्यांच्या हातात कसं देऊ. फाडलं. पुन्हा सुबक लिहितो, वेळ आहे, नळाचा आवाज अजून —

ताई, आधी हे वाचा, मग बटण. त्या कॅसेटमध्ये तुमची

नळ बंद झाला

ताई थांबा, एकच ओळ राहिली आहे, आत जी उभी आहे ती