शिंपल्यांच्या डब्याचा वारस

लिहून ठेवते मी, सुनंदाबाई जीवराम नारखेडे, वय शहात्तर, राहणार असोदा, जिल्हा जळगाव, शिक्षण तिसरी नापास. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी योगराजचा चष्मा मीच शोधून दिला, त्याच्याच कपाळावर होता. हे लिहायला कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणारे एकच होते, ते दोन हजार बारा साली वारले.

१. राहतं घर मुलगा योगराज याला. सागाचा पलंगही त्यालाच. एक पाय डुगडुगतो, पण पलंग त्याच्या वडिलांचा आहे, तेव्हा चालायचंच.

२. माझं भिंग नात मोहिनीला. ती रत्नागिरीला समुद्राच्या जीवांचं शिकते. महिनाभर तिच्याकडे राहिले, तेव्हा हा नाद लागला. वादळानंतर किनाऱ्यावर जाळ्यांचे गोळे, डबे, तुटक्या बादल्या येऊन पडतात, कुठल्या कुठल्या देशांच्या. त्यांना शिंपल्या चिकटलेल्या असतात. बारीक असताना बसतात, वाटेतच मोठ्या होतात आणि परक्या दारी उतरतात. मला नवल वाटलं नाही. मी पंधराव्या वर्षी एदलाबादहून इथे अशीच आले.

ओळखायची रीत लिहून ठेवते. शिंपलीचं तोंड पाहू नये, ते समुद्र घासून टाकतो. बिजागरी पाहावी. एका काळ्या गोळ्यावरच्या शिंपलीला मोहिनी पुस्तकात बघून आपल्याच किनाऱ्याची म्हणाली. मी म्हटलं, “अगं, हिच्या बिजागरीला केळीच्या फणीसारख्या खाचा आहेत, मोज.” तिच्या सरांनी फोटो पाहून कळवलं, आजींचं बरोबर, ही फार लांबची. जन्मभर केळीच्या फण्या मोजल्या, त्या कामी आल्या.

३. आता खरा मुद्दा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या एकसष्ट शिंपल्या आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी. मी गेल्यावर योगराज त्या उकिरड्यावर टाकणार, हे त्याने तोंडावर सांगितलंय. मोहिनी म्हणते, “आजी, माझ्याकडे कपाटभर आहेत.” म्हणून या अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी परीक्षा घेतली. ताटात सहा शिंपल्या समुद्राच्या, एक तापी नदीची. परकी कोणती ते सांगायचं. योगराजने बटण उचललं. तेही मीच ठेवलं होतं.

पास झाली माझी जाऊ इंदिराबाई. हिच्याशी माझं एक्केचाळीस वर्षांचं वैर. वाटणीत सासूबाईंची कैऱ्या सोलायची, मधोमध भोक पाडलेली शिंपली हिने पळवली. द्वारकेच्या समुद्रातली, असं सासूबाई सांगायच्या. तेव्हापासून मी हिच्याकडे पाणी प्यायले नाही.

हिने ताटातली नेमकी उचलली. “अक्का, ही समुद्राची नाही. आपल्या तापीची हाये.”

“तुले काय कळतं व?”

“माह्या घरी तीच तर हाये, कैऱ्या सोलाची.”

“ती द्वारकेची!”

“कायची द्वारका? मले पह्यल्या दिवसापासून माहीत हाये. तुमचा जीव जळे, मले मजा ये, म्हनून नाही सांगतलं.”

एक्केचाळीस वर्षं! मी हसता हसता खाटेवरून पडले असते. एवढी पक्की नजर आणि एवढं कुजकं पोट दुसऱ्या कोणाचं नाही. म्हणून डबा इंदिराबाईला. योगराजने हात लावल्यास पलंगही तिलाच.

४. अट एकच. शेवटी माझ्या तोंडात पाणी घालायचं ते इंदिराबाईने, त्याच शिंपलीतून. भोक आहे, निम्मं गळेल. चालेल.

वाटेकरी साक्षीदार चालत नाही, असं साक्षीला बसलेले पंडितभाऊ म्हणाले. म्हणून ती दाराबाहेर बसलीय आणि सगळं ऐकतेय. आत्ताच ओरडली, “भोकावर बोट ठेवीन मी!” हेही लिहून घेतलं, पुढे नाकबूल करायला नको.

वर लिहिलं ते वाचून, हसून सही केली.

सही : सुनंदाबाई जीवराम नारखेडे
साक्षीदार : १. पंडित चिंधा भोळे २. अभिमन कोल्हे
असोदा, १८ मे २०२५